सूट आणि सूट: कॅनडात बेसमेंट भाड्याने दिलेलं घर विकण्याआधी

"काकू, राहतं घर विकलं तर टॅक्स लागत नाही ना?"

हा फोन मला वर्षातून तीन-चारदा येतो. फोन करणाऱ्याच्या दारात तोवर 'फॉर सेल'ची पाटी लागलेली असते. मी विचारते, "खाली भाडेकरू आहेत का?" मग पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मी अकाउंटंट नाही. बावीस वर्षं पेरोलमध्ये काढली, त्यामुळे सीआरएचे, म्हणजे इथल्या कर खात्याचे, फॉर्म वाचताना पोटात गोळा येत नाही, एवढीच माझी पात्रता. पण सरे शहरातलं आमचं घर आम्ही २००९ साली घेतलं, २०१६ साली खाली भाड्यासाठी बेसमेंट बांधलं आणि २०२४ साली ते घर विकलं. या पंधरा वर्षांत आम्ही एक गोष्ट नशिबाने बरोबर केली आणि एक सपशेल चुकवली. दोन्ही इथे सांगते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथे ब्रिटिश कोलंबियात खालच्या स्वतंत्र घराला 'सूट' म्हणतात, आणि आपल्या मराठीत करातल्या सवलतीलाही सूटच म्हणतात. गंमत म्हणजे तो सूट बांधला की ती सूट कमी होते. म्हणून पुढे खालच्या घराला 'बेसमेंट' म्हणते आणि करातल्या सवलतीला 'माफी'.

माफी कशाची असते

राहत्या घराच्या विक्रीवर झालेला नफा करमुक्त करून घेता येतो. इथल्या भाषेत 'प्रिन्सिपल रेसिडेन्स एक्झेम्प्शन'. पण ती वर्षांच्या हिशेबाने मिळते आणि मागावी लागते. घर किती वर्षं तुमच्या मालकीचं होतं आणि त्यातली किती वर्षं ते 'मुख्य निवास' म्हणून तुम्ही नोंदवता, यावर ती ठरते. नोंदवलेल्या वर्षांत एक मिळवायचा, मालकीच्या वर्षांनी भागायचं, आणि जो अपूर्णांक येईल तेवढा नफा माफ. तो वरचा एक कशाला, तर ज्या वर्षी लोक जुनं घर विकून नवं घेतात त्या वर्षी दोन घरं होतात, त्या अडचणीसाठी. पुढे हाच एक आपल्याला कामाला येणार आहे.

एका कुटुंबाला एका वर्षी एकच घर नोंदवता येतं. नवरा-बायको आणि अठराच्या आतली अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. हा नियम १९८२ पासूनचा आहे, त्यामुळे "एक घर माझ्या नावावर, एक तिच्या" ही युक्ती चालत नाही. घराखालची जमीन साधारण अर्धा हेक्टरपर्यंत माफीत येते. सरेतल्या प्लॉटवर हा प्रश्नच उद्भवत नाही.

२०१६ पासून विक्री रिटर्नमध्ये दाखवावीच लागते, नफा पूर्ण माफ असला तरी. शेड्यूल ३ आणि टी२०९१ हा फॉर्म. "टॅक्सच नाही तर दाखवायचं कशाला" म्हणून जे गप्प बसतात त्यांना उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला १०० डॉलर, जास्तीत जास्त ८,००० डॉलर दंड होऊ शकतो. शिवाय न दाखवलेल्या विक्रीचं रिटर्न सीआरए नेहमीच्या मुदतीनंतरही उघडू शकते.

खोली दिली की घराचे दोन भाग केले?

सगळं इथे ठरतं.

भाड्याने काही दिलं तरी अख्ख्या घराची माफी टिकू शकते, पण त्यासाठी सीआरए तीन गोष्टी बघते. भाड्याचा वापर तुमच्या राहण्याच्या मानाने दुय्यम असावा. घराच्या रचनेत मोठा बदल केलेला नसावा. आणि भाड्याच्या भागावर सीसीए, म्हणजे घसारा (घर जुनं होत जातं म्हणून दर वर्षी उत्पन्नातून घेता येणारी वजावट), घेतलेला नसावा. तिन्ही एकाच वेळी पाळलेल्या हव्यात.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वरची एक बेडरूम दिली, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, तर भाडं उत्पन्नात दाखवा आणि निर्धास्त राहा. तळघरात आधीपासून असलेली खोली आणि बाथरूम तशीच दिली, तरी बहुधा निभावतं. पण वेगळं स्वयंपाकघर बसवलं, बाजूने दरवाजा फोडला, मधल्या जिन्याला भिंत घातली, तर तुम्ही एका घराची दोन घरं केलीत. आम्ही नेमकं हेच केलं होतं. त्या भिंतीवर आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने ड्रायवॉल चढवली आणि अभिमानाने फोटो काढले. असे फोटो का जपायचे, ते पुढे सांगतेच.

घर घेतलं तेव्हाच खाली तयार बेसमेंट होतं, ही इथली नेहमीची गोष्ट. अशा लोकांना वाटतं, आपण काहीच तोडफोड केली नाही म्हणजे सुटलो. पण खालचं घर खरोखरच स्वतंत्र असेल, त्याला स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं दार असेल आणि वरून खाली जायला वाट नसेल, तर पहिल्या दिवसापासून ती दोन घरं आहेत आणि नोंदवता येतं एकच, असा प्रश्न उभा राहतो. याचं उत्तर प्रत्येक घराच्या वस्तुस्थितीवर असतं. म्हणून घराचा नकाशा घेऊन अकाउंटंटकडे जा. नुसतं फोनवर "बेसमेंट आहे" सांगून उपयोग नाही.

शहराकडे बेसमेंट नोंदलेलं आहे की नाही याचा इथे संबंध नाही. बेकायदा बेसमेंटचं भाडंही करपात्र असतं आणि रचनेतला बदलही बदलच असतो.

आणि आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, आलेत, खाली राहतायत, भाडं घेत नाही? मग उत्पन्नासाठी वापरच नाही. तो भाग तुमच्या राहण्याचाच.

पहिला भाडेकरू येतो तो दिवस

ज्या दिवशी त्या तीनपैकी एखादी गोष्ट मोडून घराचा काही भाग राहण्यातून भाड्यात जातो, त्या दिवशी कायद्याच्या नजरेत तुम्ही तेवढा भाग बाजारभावाने विकलात आणि त्याच भावाने परत विकत घेतलात. पैसा हातात आलेला नसतो, गेलेलाही नसतो. पण त्या दिवसापर्यंतचा नफा राहत्या घराच्या माफीत बसतो आणि त्या दिवसापुढचा नफा करपात्र होतो. म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव हा तुमच्या सगळ्या हिशेबाचा पाया.

आमच्या शेजारच्या एका बाईंनी मला हे सांगितलं होतं, म्हणून मी २०१६ च्या मे महिन्यात, भाडेकरू आल्यावर तीन आठवड्यांत, अप्रेझर, म्हणजे घराचा बाजारभाव ठरवून लिहून देणारा जाणकार, बोलावला. साडेचारशे डॉलर घेतले. "एका कागदाचे साडेचारशे? सरकार दर वर्षी फुकट पाठवतं की!" हे म्हणाले. ते म्हणत होते ते बीसी असेसमेंटचं, म्हणजे प्रांतातल्या घरांची किंमत ठरवणाऱ्या संस्थेचं पत्र. ते जानेवारीत येतं खरं, पण त्यातला भाव असतो आदल्या वर्षीच्या १ जुलैचा. २०१५ च्या जुलैपासून २०१६ च्या मेपर्यंत इथे घरांचे भाव कसे चढले ते जे तेव्हा घर शोधत होते त्यांना विचारा. पत्रात आमचं घर ७,६०,००० डॉलरचं होतं. अप्रेझरने लिहून दिले ९,००,०००.

आता भाग किती? आम्ही टेप घेऊन बसलो. आमचं घर २,६०० चौरस फूट. त्यातले १०० फूट फर्नेस आणि कपडे धुण्याची खोली, जी दोन्ही घरं वापरत होती. ती बाजूला काढली. उरले २,५००, त्यात खालचं बेसमेंट ७५०. म्हणजे ३० टक्के. ह्यांचं म्हणणं जिन्याखालची कपाटाची जागा खालच्यांत धरू नये. मी म्हटलं, दार त्यांच्या बाजूला उघडतं, त्यांचे बूट तिथे असतात, धरायची. सीआरएला वाजवी हिशेब हवा असतो, क्षेत्रफळावर किंवा खोल्यांच्या संख्येवर. पण एकदा ३० धरलेत की भाड्याच्या खर्चालाही ३० आणि विक्रीलाही ३०. खर्च मागताना चाळीस टक्के आणि नफा दाखवताना वीस, हे मी पाहिलेलं आहे, आणि ते अंगाशी येतं.

त्या वर्षीचा हिशेब असा झाला. घर घेतलं ५,२०,००० ला, प्रॉपर्टी ट्रान्सफर टॅक्स ८,४००, वकील आणि किरकोळ १,६००, एकूण ५,३०,०००. त्याचे ३० टक्के १,५९,०००. बेसमेंट बांधायला ५०,००० लागले. खालच्या भागाची किंमत झाली २,०९,०००. बाजारभावाचा ३० टक्के हिस्सा २,७०,०००. फरक ६१,०००, आणि २००९ ते २०१६ आम्ही त्या घरात राहत होतो म्हणून तो सगळा माफ. २०१६ च्या रिटर्नमध्ये तो दाखवला. त्या दिवसापासून खालच्या भागाची आमची खरेदी किंमत २,७०,००० झाली.

असेसमेंटच्या पत्रावर विसंबलो असतो तर ही किंमत २,२८,००० धरली गेली असती. ४२,००० डॉलरचा नफा उगाच करपात्र बाजूला जाऊन बसला असता. साडेचारशेच्या कागदाचं मोल हे.

तेव्हा अप्रेझर बोलावला नसेल तर आजही मागच्या तारखेचं मूल्यांकन करून मिळतं. त्याला त्या वेळचे फोटो, परमिट, बिलं दाखवावी लागतात. ड्रायवॉलचे फोटो मी यासाठीच जपायला सांगते.

इलेक्शन म्हणजे मतदान नव्हे

आम्ही २०१६ मध्ये बदल केला, त्यामुळे ही सोय आम्हाला नव्हती. तुम्ही १९ मार्च २०१९ रोजी किंवा त्यानंतर बेसमेंट केलं असेल किंवा आता करणार असाल, तर आहे. आयकर कायद्याच्या कलम ४५(२) खाली तुम्ही सांगू शकता की माझ्या घराच्या त्या भागाचा वापर बदललाच नाही असं समजा. यालाच इथे 'इलेक्शन', म्हणजे निवड, म्हणतात. आधी ही सोय फक्त अख्खं घर भाड्याने देणाऱ्यांना होती; त्या तारखेपासून घराच्या एका भागालाही मिळाली.

त्यासाठी छापील फॉर्म नाही. साध्या कागदावर पत्र लिहायचं: घराचा पत्ता, कोणता भाग, कोणत्या तारखेपासून, आणि मी ४५(२) खाली निवड करतो. सही करून त्या वर्षीच्या रिटर्नबरोबर पाठवायचं. रिटर्न संगणकावरून भरत असाल तर पत्र वेगळं टपालाने टाकायचं आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवायची.

याने दोन गोष्टी होतात. एक, त्या दिवशी विकल्याचं मानलं जात नाही, कर पुढे जातो. दोन, राहत नसतानाही आणखी चार वर्षं तो भाग मुख्य निवास म्हणून नोंदवता येऊ शकतो. समजा, घर २०२१ मध्ये घेतलं, २०२३ मध्ये बेसमेंट भाड्याने दिलं. २०२१, २०२२, २०२३ ही राहण्याची वर्षं, पुढची चार २०२७ पर्यंत, झाली सात. वरचा तो एक मिळवला की आठ. २०२८ मध्ये विकलं तर मालकीची वर्षंही आठच. पूर्ण माफी.

पण इथे पाय घसरतो. एका कुटुंबाला एका वर्षी एकच घर नोंदवता येतं, हे वर सांगितलंच. खालचं बेसमेंट कायद्याने पूर्णपणे वेगळं घर ठरत असेल, तर त्या चार वर्षांसाठी वरचं आणि खालचं दोन्ही नोंदवता येणार नाहीत. इलेक्शनने कर पुढे ढकलला जाईल, पण चार वर्षांची माफी पदरात पडेलच असं नाही. अकाउंटंटला नेमका हा प्रश्न विचारा. जो "इलेक्शन केलं की झालं" म्हणेल, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जा.

माझं मत विचाराल तर चार-पाच वर्षांत घर बदलायचा बेत असणाऱ्यांनी इलेक्शनचा गंभीरपणे विचार करावा. पंधरा वर्षं भाडं घेणार असाल तर इलेक्शनमध्ये एक तोटा आहे: बाजारभावाची नोंद होत नाही, सगळा नफा वर्षांत वाटला जातो, आणि भाड्याची वर्षं वाढत गेली की माफीचा अपूर्णांक लहान होत जातो. इलेक्शन मागे घेता येतं, त्यामुळे कुठल्या वर्षी मागे घ्यायचं हाही हिशेबच असतो. अप्रेझल मात्र दोन्ही वाटांनी करून ठेवा. आणि इलेक्शन चालू असताना सीसीए घ्यायचा नाही. घेतलात की इलेक्शन गेलं.

तो एक रकाना

आता आमची चूक.

भाड्याचं उत्पन्न टी७७६ वर दाखवतात. त्यात गृहकर्जाचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, वीज-गॅस यांचा आपला टक्का वजा करता येतो. आमच्या ३० टक्क्यांचा हा खर्च आम्ही दर वर्षी घेतला आणि घ्यावाच. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल मात्र वजा होत नाही, फक्त व्याज. छपराची गळती बुजवली तर तो खर्च. नवं छप्पर घातलं तर ती घराच्या किमतीत मिळवायची भर. मग पुढच्या पानांवर सीसीएचा तक्ता असतो. तो रिकामा सोडायचा. सीसीए घेणं ऐच्छिक असतं, कोणी सक्ती करत नाही.

२०१७ आणि २०१८ या दोन वर्षांचं रिटर्न आम्ही एका दुकानात भरून घेतलं. तेव्हा माझ्या आईचं आजारपण चालू होतं, मी अर्धा वेळ भारतात. दुकानातल्या मुलाने भाड्याच्या उत्पन्नावरचा कर कमी करून दाखवायचा म्हणून सीसीए टाकला. दोन वर्षांत मिळून सुमारे ७,००० डॉलरची वजावट, वाचलेला कर दीड हजाराच्या आसपास. "बघा, किती वाचवले!" असं म्हणून त्याने रिटर्नची प्रत हातात दिली. मी सही केली. वाचलं नाही. दुसऱ्यांच्या पगाराचे आकडे सेंटपर्यंत जुळवणारी मी!

त्याची किंमत दोनदा मोजली.

पहिल्यांदा २०२१ मध्ये. भाडेकरू सोडून गेले आणि सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. त्यांचे गुडघे दुखतात. खालचं घर सपाट, पायरी नाही, बाहेर लगेच बाग, त्यांच्यासाठीच बांधल्यासारखं. पण भाड्याचा भाग परत राहण्यात घेतला की पुन्हा तोच खेळ: बाजारभावाने विकला असं मानतात, २०१६ पासूनचा नफा करपात्र होतो, आणि घर तर विकलेलंच नसतं, कर भरायचा कुठून? यावर उपाय आहे, कलम ४५(३). बदल मानला तरी कर खऱ्या विक्रीपर्यंत थांबतो, शिवाय आधीची चार वर्षंही नोंदवायला मिळू शकतात. अट अशी की त्या भागावर कधीही सीसीए घेतलेला नसावा. १९८४ नंतरच्या कुठल्याही वर्षात.

नव्या अकाउंटंट बाईंनी जुनी रिटर्नं चाळली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला तेवढ्यावरून कळलं.

मग सासूबाई वरच्या मजल्यावर राहिल्या आणि खाली पुन्हा भाडेकरू आले. पुढची तीन वर्षं त्या कठड्याला धरून बागेत उतरायच्या. मधेच थांबून विचारायच्या, "खालची माणसं कधी जाणार गं?" त्यांना मी काय सांगणार, टी७७६ चं कुठलं पान?

दुसऱ्यांदा विकताना. घर चढ्या भावाने विकलं की घेतलेला सीसीए परत उत्पन्नात धरतात. भांडवली नफ्याचा निम्माच भाग करपात्र असतो. हा मात्र अख्खाच्या अख्खा. ते ७,००० डॉलर अशा वर्षी उत्पन्नात आले ज्या वर्षी नफ्यामुळे आमचा कराचा टप्पा आधीच वर गेला होता. स्वस्तात वाचवले, महागात परत केले.

विक्रीचं वर्ष

२०२४ च्या ऑगस्टमध्ये घर १४,५०,००० ला गेलं. एजंट आणि वकील मिळून ४०,०००. वरचा ७० टक्के भाग पूर्ण माफ, पण शेड्यूल ३ आणि टी२०९१ मध्ये दाखवून. खालचा ३० टक्के: विक्रीचा हिस्सा ४,३५,०००, त्यातून २,७०,००० आणि खर्चाचे १२,००० वजा, राहिले १,५३,०००. घर दोघांच्या नावावर, म्हणून प्रत्येकी ७६,५००. त्याचा निम्मा, ३८,२५०, प्रत्येकाच्या उत्पन्नात. दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. एकाने सगळं दाखवून चालत नाही.

त्या वर्षी सगळे २५ जूनच्या तारखेमागे धावत होते. अडीच लाखांवरच्या नफ्याचा करपात्र हिस्सा निम्म्यावरून दोन तृतीयांश होणार, अशी बजेटमधली घोषणा होती. आमच्या ओळखीतल्या एकाने त्या भीतीने घर घाईत आणि पडत्या भावाने काढलं. ती अडीच लाखांची मर्यादा दर माणशी होती, त्याचा नफा तिच्या जवळपासही नव्हता. आणि तो प्रस्ताव २१ मार्च २०२५ रोजी रद्दच झाला. आपला आकडा काढल्याशिवाय बातमीला घाबरू नये.

करपात्र नफा निव्वळ उत्पन्नात मिळतो, त्यामुळे उत्पन्नावर अवलंबून असलेल्या गोष्टी हलतात. लहान मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिट पुढच्या जुलैपासून कमी होतं. पासष्टीच्या पुढे असाल तर ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाचं सरकारी पेन्शन, परत घेण्याची उत्पन्नाची मर्यादा आहे, २०२४ साठी ती ९०,९९७ डॉलर होती. माफ झालेला नफा यात धरत नाहीत, फक्त करपात्र भाग. शक्य असेल तर ज्या वर्षी बाकीचं उत्पन्न कमी आहे, त्या वर्षात विक्री पुरी होईल असं बघा. तारीख धरायची ती घराचा ताबा देण्याची. ऑफर मान्य केल्याची नव्हे.

घर घेऊन ३६५ दिवसांच्या आत विकलंत तर आतापर्यंत सांगितलेलं काहीच लागू होत नाही. २०२३ पासून तो धंद्यातला नफा धरतात, माफीही नाही आणि निम्माही नाही. मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, अशा काही कारणांना अपवाद आहे.

पुण्यातला फ्लॅट हा आपल्या लोकांचा पुढचा प्रश्न, म्हणून दोन वाक्यं. कॅनडाचे करनिवासी झालात की जगभरातल्या नफ्यावर इथे कर लागतो, पण त्या फ्लॅटची खरेदी किंमत तुम्ही इथले निवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव धरतात, वडिलांनी १९८८ साली मोजलेली नव्हे. तेव्हा त्या तारखेचा भावही कुणाकडून तरी लिहून घ्या.

माझी फाइल म्हणजे बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा आहे. त्यात खरेदीचे कागद, ट्रान्सफर टॅक्सची पावती, बेसमेंटची सगळी बिलं, अप्रेझल, जिन्याखालच्या कपाटासकट हाताने काढलेला नकाशा आणि दर वर्षीचं टी७७६. बिलांची शाई उडते, म्हणून प्रत्येकाचा फोटो काढून त्या दिवसाची तारीख मागे पेन्सिलीने लिहिली आहे. कागद संबंधित वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवावे लागतात. झाकणावर मी पट्टी चिकटवली आहे: '३१ डिसेंबर २०३० पर्यंत टाकू नये'. त्याखाली ह्यांनी लिहिलंय, 'यात बिस्किटं नाहीत'.